टिटवी, मोठ्या पडद्यावर

दांड्यावरच्या अठ्ठावन्न घरांत
केबलची तार मीच नेली.
माडांमधून, खळ्यांवरून,
एका ठिकाणी तर मोडक्या होडीच्या डोलकाठीला बांधून.
त्यामुळे मंगळवारी साडेपाचला
कुठल्या घरात काय लागलंय
हे मला न बघता कळायचं.
सगळीकडे टिटवी.

दिवसा पोस्टात शिक्के मारणारी,
रात्री पंख लावून बंदरावर फिरणारी.
दोन रेघांचं नाक, वर पिवळी चोच,
आणि ती शिट्टी,
जिने चोरांच्या बंदुकांच्या मेणबत्त्या व्हायच्या.
बावीस मिनिटं. कोणी मरायचं नाही.
धक्क्यावरून पाण्यात पडलेला बदमाश
पुढल्या मंगळवारी कोरडा ठणठणीत परत.
शेवटी ती दर्याला दम भरायची, "आटवीन तुला!"
आणि दर्या, मार चुकवणाऱ्या पोरासारखा,
चार पावलं मागे.
भाची टाळ्या वाजवायची.
मी बिलाचे पैसे मागायला आलेलो असायचो,
बहीण चहावर भागवायची.

मग सिनेमा आला.
पोस्टरवर तीच चोच, पण तडा गेलेली.
रेवाने जुन्या छत्रीच्या कापडाचे पंख शिवून घेतले.
कसालमार्गे कणकवलीला जाताना
कंडक्टर म्हणाला, पंखांचं अर्धं तिकीट पडेल.
तिने ते खरं मानलं, आणि पंख मिटून मांडीवर घेतले.

थिएटरातला दिवा थकलेला,
त्यात त्यांनी सगळा सिनेमा रात्रीचा काढलेला.
मी तारेचा माणूस,
मला आधी वाटलं, व्होल्टेज कमी आहे.
हळूहळू कळलं, अंधार मुद्दाम आहे.
तिच्या चेहऱ्याला आता सुरकुत्या होत्या.
कोणीतरी बसून एकेक रेघ ओढली असणार.

वादळ. एक बोट, अकरा माणसं.
टिटवीने शिट्टी घातली
आणि तीन सेकंद
पडद्यावर काहीच झालं नाही.
मालिकेत तीन सेकंद कधी नव्हतेच.
दर्या मागे सरला नाही.
तो तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मागच्या रांगेत शेंगदाण्यांची पुडी
चुरचुरायची थांबली.
एक बाई पोराला घेऊन बाहेर गेली.
मी रेवाच्या डोळ्यांवर हात धरला.
"मामा, हात काढ. माका दिसूक व्हया."

सकाळ. टिटवी पोस्टात, पंखांशिवाय,
केस ओले.
समोर अकरा पाकिटं. पत्ते बरोबर,
घेणारे नाहीत.
ती शिक्का उचलते.
शाईत बुडवते.
तसाच धरून ठेवते.
एवढ्यात नावं सुरू झाली,
चित्रं काढणाऱ्यांची, आवाज देणाऱ्यांची,
लांबलचक यादी. रेवा ती शेवटपर्यंत वाचत बसली,
जोडाक्षरांना अडखळत.
मला वाटतं, ती त्यात
बुडालेल्यांची नावं शोधत होती.

परतीची शेवटची गाडी. खिडकीला काच नाही.
कट्ट्याच्या पुढे कधीतरी तिने विचारलं,
झोपली असेल असं मी धरून चाललो होतो:
"मामा, तू दर्यात जावचा कित्याक सोडलंस?"

आमच्या घरात याचं एक उत्तर आहे.
केबलमध्ये पैसा बरा.
बहीण तेच सांगते, आईही तेच सांगायची,
सांगून सांगून ते गुळगुळीत झालंय,
कोणाला लागत नाही.
मी तोंड उघडलं ते त्याच उत्तरासाठी.

"मी साद घातलंय," म्हटलं, "उशीर झालो."

तिने कोणाला ते विचारलं नाही.
पंखांची घडी उलगडून
अर्धी माझ्या गुडघ्यांवर टाकली. गार वारा होता.

आज मंगळवार.
पडदा पुन्हा लख्ख, बंदुकांच्या मेणबत्त्या.
बहिणीने चहा टाकलाय.
"आटवीन तुला!" टिटवी म्हणते,
दर्या मागे सरकतो,
चार पावलं, नेहमीचीच.
रेवा टाळ्या वाजवत नाही.
वळून माझ्याकडे बघते,
आणि मी बिलाच्या वहीत
कोणाचंतरी नाव शोधू लागतो.