पासंग

चाळीस वर्षं मी जालन्याच्या मोंढ्यात मापाडी.
तूर, सरकी, ज्वारी, पुढं सोयाबीन.
पोतं काट्यावर यायच्या आधी
हमालाच्या मानेवरची शीर बघून सांगायचो
किती भरेल.
पाव किलो इकडंतिकडं.

देवळातलंही तसंच.
घरी एक लाल वही. डावीकडं तारीख,
उजवीकडं काय केलं ते:
दशांश, न चुकता.
घंटेला नवा दोर, माझ्या पैशानं.
मार्थाबाईच्या घरावर पत्रे, सहा.
नाताळात चुलीपाशी उभं राहून तीन कढया बुंदी.
शुलमित म्हणायची, देवाला काय पावत्या दाखवणार?
मी म्हणायचो, मागितल्या तर?

आणि थिओफिल.
मिशन कंपाउंडातला, शब्बाथशाळेत माझ्याच बाकावरचा.
मोंढ्यात सगळे थोप्या म्हणायचे.
पाठीवर क्विंटल, कमरेला हुक, खिशात क्वार्टर.
बहिणीची शिलाई मशीन विकून प्याला.
बापाच्या मातीला आला नाही.
देवळाच्या पायरीवर एकदाच दिसला,
सावली बघून झोपलेला.

गेल्या फेब्रुवारीत सरकारी दवाखाना, वॉर्ड चार.
पोट हंड्यासारखं, पाय काड्या.
त्यानंच निरोप धाडला, प्रभुभोजन द्या म्हणून.
पाळक भिंगारदिवे स्कूटरवर पुढं,
मागं मी, मांडीवर डबा धरून.
रेल्वे फाटकाशी मालगाडी आडवी,
आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब:
चाळीस वर्षं एका पारड्यात,
एक दुपार दुसऱ्यात,
आणि काटा मधोमध?
असला तराजू मी कुठल्या आडत्याच्या दुकानात
चालू दिला नसता.

थिओफिलनं डबा बघितला.
मग स्वतःचे हात, सुयांनी निळे झालेले.
आणि पाळकाला नाही, मला विचारलं,
मोंढ्यात विचारावं तसं,
"भाऊ, माझ्याकडं घालायला कायच नाही. चालतंय का?"

मापाड्याला विचारलेला प्रश्न.
तोंडातून निघून गेलं:
चालतं.

शब्द बाहेर पडला
आणि मला शहाऐंशीच्या उन्हाळ्यातली चिंच आठवली.
लिंबाएवढा गोळा,
माझ्याच हातानं पारड्याच्या बुडाला चिकटवलेला.
आडत्यानं सांगितलं होतं, पण हात माझा.
तीन महिने. समोर उभ्या माणसाचं
प्रत्येक तोलामागं थोडं थोडं.
कुणाला कळलं नाही.
थिओफिलला कळलं. पोतं तोच चढवायचा.
एकदा वाकून त्यानं बुड बघितलं, मग माझं तोंड,
मग हुक घालून पुढचं पोतं ओढलं.
एवढ्या वर्षांत चकार शब्द नाही.

लाल वहीत ती चिंच कुठंच नाही.
सहा पत्रे, तीन कढया, घंटेचा दोर –
सगळं मिळून तिच्या पासंगालाही पुरलं नसतं.
आणि माझं पारडं तरी वर गेलं नव्हतं.
कुणीतरी त्यात आधीच उतरून बसलं होतं,
पोत्यासारखं, पाठीला जखमा घेऊन,
मला न विचारता.

पाळकानं भाकर मोडली.
थिओफिलला गिळवेना, म्हणून द्राक्षरसात बुडवून
चमच्यानं दिली.
उरलेला तुकडा माझ्याकडं आला.
त्याच भाकरीचा. तेवढाच.

गुरुवारी पहाटे तो गेला. मातीला आम्ही सात जण.
बहीण आली होती.

वही मी जाळली वगैरे नाही.
मागच्या कोऱ्या पानांवर नात आता हत्ती काढते.
विश्वास म्हणजे काय, मला नीट सांगता येणार नाही.
रिकामा हात पुढं केल्यावर
लाजून मागं न घेणं,
एवढंच मी वॉर्ड चारमध्ये बघितलं.

परवा उपासनेत भाकरीचा तुकडा तळहातावर आला.
सवय वाईट. हात लगेच अंदाज घेऊ लागला:
दीड ग्रॅम. फार तर दोन.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
हात थांबला.
पुन्हा तोलून बघितलं.

जड होतं.