चौथा पाय

खुर्ची चोर्ला घाटातून आली,
टेम्पोत, नारळांच्या पोत्यांवर उताणी,
तीन पाय आभाळाकडे
आणि चौथा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुटा, वाळवीनं पोखरलेला.
कायतान म्हणाला, अडीचशे वर्षांची आहे,
फ्रान्समधली, पण राजाच्या शहरातली नव्हे,
आडगावच्या कुणा सुताराची.
मौनेशनं मान हलवली.
आडगावचा सुतार त्याला कळतो.

शहापुरात आमचं दुकान, म्हणजे एक शटर.
तो बडिगेर, सुतारकाम त्याचं. मी पॉलिशवाला.
पाटीवर त्याची भाषा मोठी, माझी बारीक,
माप मात्र दोघंही इंचातच घेतो.

दोन दिवस त्यानं हत्याराला हात लावला नाही.
खुर्ची उलटी ठेवून नुसता उकिडवा.
"काय करूलास?"
"वाचूलोय."

बैठकीखाली, जिथं गिऱ्हाईक कधी वाकत नाही,
पटाशीच्या टोकानं मारलेल्या रेघा:
एक, दोन, तीन, चार.
कुठलं कुसू कुठल्या सालात, त्याची खूण.
मौनेशही अशाच मारतो,
फक्त तिसरी जरा कलती, ती त्याच्या बापाची सवय.

पाठीच्या माथ्यावर शिंपला,
शिंपल्याच्या दोन बाजूंना दोन फुलं,
डाव्या फुलाला एक पाकळी कमी.
"इथं त्याला कुणीतरी हाक मारली बघ," मौनेश म्हणाला,
"जेवायला. नाहीतर उधारी मागायला."

अक्रोड कुठून आणायचा?
खानापूरच्या वखारीत साग, ऐन, नाणा, जांबा.
वखारवाला हसला, अक्रोड आम्ही फोडून खातो म्हणाला.
कायतान फोनवर: शिसव लावा, कुणाला कळतंय?
मौनेशनं फोन माझ्या हातात दिला
आणि तंबाखू मळत बसला, बराच वेळ.

मग एका बुधवारी कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून
सायकलच्या कॅरिअरला बांधून काहीतरी आणलं.
बंदुकीचा दस्ता.
लोखंड कधीच काढून घेतलेलं,
एका बाजूला कुणाच्या तरी गालाचा तेलकट काळा डाग,
खाली ठोकलेला नंबर, सात आकडी.
त्यानं रंधा एकदाच मारला.
सालपट आधी स्वतःच्या नाकाशी धरलं, मग माझ्या.
"नोडु," म्हणाला. "बहीण."

पाय नऊ दिवसांत झाला.
गुडघ्याचा बाक, खालची वळलेली टाच,
कुसवावर चार रेघा, तिसरी कलती.
पुढचं माझं काम: मेण, लाख, स्पिरिट, चिंधी,
नव्या पायाला जुन्यांच्या वयाला नेऊन बसवायचं.
सगळं जमलं.
गालाचा डाग तेवढा आतल्या अंगाला राहिला,
तीनदा घासला, तीनदा वर आला.
मौनेश म्हणाला, साकु, असू दे.

चारही पाय टेकतात का बघायला
चहावाल्या इराप्पाच्या पोराला बसवलं.
त्याचे पाय जमिनीला पुरेनात.
डुगडुगत नाही म्हणाला,
आणि बशीतला आमचाच चहा पिऊन टाकला.

खुर्ची घाटातून परत गेली.
कायतानला आम्ही काही सांगितलं नाही,
त्यानंही पाय मोजले, लाकूड विचारलं नाही.

नंबरवाला तुकडा उरला होता.
शटर वाऱ्यानं वाजतं, त्याच्या फटीत ठोकलाय.
रात्री कुलूप लावताना
कधी कधी त्या आकड्यांवरनं बोट फिरतं,
पाचवा आकडा तीन आहे की आठ,
अजून लागलेला नाही.