दुसरा डोस

दिवाळी सरली की घाटातून एसटी रिकामीच चढते.
मी, निळी लसपेटी, आणि कंडक्टर.
तिकीट फाडता फाडता तो विचारतो,
"सिस्टर, टोचणार कुणाला?"

तांड्यावर चौऱ्याऐंशी कुलपं.
एका ओट्यावर गजराबाई, डोळ्यांवर हात धरून.
"लेकरं?"
"गेली की टोळीसंगं. कर्नाटकात म्हनले,
का सांगलीकडं. फोन लागंना."

रजिस्टरात लिहिते : गैरहजर.
खाली तेच. त्याखाली नुसत्या टिंबटिंब रेघा.

उपकेंद्राला माणसं लागतात पाच हजार.
मोजणारे आले ते माघात,
कुलपं मोजून गेले.
आषाढात या, म्हटलं मी.
साहेब हसले, "आषाढाचा रकाना नाही बाई."

परवा फोन आला. कोपीवरून, वाऱ्यातून.
सुमित्रा जाधव, मुलगी साडेतीन महिन्यांची.
"हितली सिस्टर म्हनती, तुमचं नाव आमच्या यादीत न्हाई.
तुमच्या गावात घ्या."
तिथंही माणसं हजारांनी,
पण तिथली म्हणून एकही नाही.
कार्ड जपून ठेव, एवढंच म्हणाले मी.
कार्डाला काय ताप येतो?

पेटीत बर्फाच्या पिशव्या चार.
नेताना चार, आणताना चार, सही करून.

"बरफ तरी लाव गुडघ्याला," गजराबाई म्हणाली,
"उगं पानी व्हायलंय त्याचं."

एक पिशवी काढली.
एसटी वळून येईस्तोवर
दोन्ही हातांनी धरून बसले,
आधी डाव्या गुडघ्यावर, मग उजव्या.