अर्धा तास

पहिल्या वर्षी मी बोलत होते.
अर्व्हिड टेर्वो काही म्हणाला नाही,
थर्मासचं झाकण फिरवत
सीडरच्या दलदलीकडे बघत राहिला.
परतताना, ट्रकपाशी, बुटांचा बर्फ झाडत म्हणाला,
"खारींना आता तुझं सगळं घराणं पाठ झालंय."

दुसऱ्या वर्षी मी गप्प बसले,
पण खिशातलं शेंगदाण्यांचं पाकीट गप्प बसेना.
एक मादी आली होती, चाळीस पावलांवर.
कागद कुरकुरला.
तिने मान वर केली, नाकातून एकदाच फुत्कारली,
आणि कुणी तोंडावर दार लावावं
तशी पांढरी शेपटी उभारून गेली.

तिसऱ्या वर्षी वाऱ्याने दगा दिला.
म्हणजे मीच दिला;
वारा बिचारा यायचा तिथूनच येत होता.
अर्व्हिडने मग रुईसारख्या एका रानरोपाची बोंडं दिली,
"एकेक म्हातारी सोडून बघ."
सोडली. ती माझ्या मानेमागून निघाली
आणि सरळ त्यांच्याच वाटेवर जाऊन बसली.
तीन महिने मी स्वतःचा वास
त्यांना घरपोच पाठवत होते जणू.
(तीन महिने नव्हे, अकरा दिवस.
थंडीत हिशेब असा फुगतो.)

लाकडाच्या गिरणीत मी तासाला फळ्या मोजून देते.
तिथे थांबलं की पट्टा तुंबतो, मुकादम ओरडतो.
इथे रंगाच्या पालथ्या बादलीवर
अंगात नारिंगी जाकीट, मांडीवर रायफल,
आणि कुणीच ओरडत नाही
हेच आधी सहन होत नव्हतं.

चौथं वर्ष.
गारठा अंगठ्यांतून चढतो, गुडघ्यात मुक्काम करतो.
काळ्या टोपीचा एक इवला पक्षी
नळीवर येऊन बसला, मला खांब समजून.
इतका मान मला गिरणीत कुणी दिला नव्हता.
समोर बर्चचं एक पडलेलं खोड आहे.
दोन वर्षं मी त्याला हरीण समजून
छाती धडधडवून घेतली.
आता आमची ओळख आहे.
त्याची फांदी कुठली, सावली कुठली,
सव्वातीनला उजेड त्याच्या कुठल्या ढलपीवर येतो,
डोळ्यांत तेल घालून सारं पाठ केलंय.

म्हणून चौथ्या दिवशी, सव्वाचारला,
खोडाला कान आले तेव्हा
मला लगेच कळलं.

श्वास अर्धा सोडला.
बाकी सगळं बोटाने केलं.

तो उसळला, वाकला, झाडीत गेला.
मीही उठलेच होते,
एक पाय पुढे, तोंडात त्याला हाक,
जणू तो थांबणारच होता.
मग अर्व्हिडचं बोलणं आठवलं:
"लागली तरी बस. अर्धा तास.
मागे लागलीस तर तो भीतीच्या पायांनी मैलभर जाईल.
सोडलास, तर जवळच कुठेतरी टेकेल."

बसले.
चार वर्षांत बसले होते ते बसणं नव्हतंच.
हात थरथरत होते, घड्याळ हलत नव्हतं,
अंधार मात्र घाईत होता,
आणि त्या झाडीत कुणीतरी
माझ्यामुळे
एकटं होतं.

टॉर्चच्या उजेडात एका पानावर लाल थेंब.
मग दहा पावलं काही नाही.
मग मी गुडघ्यांवर आले,
आणि एका नेच्याच्या काडीवर दुसरा.
कधी पुन्हा पहिल्या थेंबापाशी जायचं,
तिथे हातमोजा ठेवायचा, परत फिरायचं.
सत्तर पावलांवर तो होता.
दोन टोकांची कोवळी शिंगं.
उघड्या डोळ्यावर एक बर्फकण पडला.
पापणी लवली नाही.
मी दुसराही मोजा काढला
आणि त्याच्या मानेवर हात ठेवला, नुसता.
ऊन होती.

अर्व्हिड घसरगाडी ओढत आला.
शिंगांकडे त्याने पाहिलंही नाही.
"किती थांबलीस?"

खोटं सांगता आलं असतं.
"अठ्ठावीस मिनिटं," मी म्हणाले.

म्हाताऱ्याने नाक पुसलं,
दोराचं टोक माझ्या हातात दिलं.
"मग दोन राहिलीत," म्हणाला, "पुढच्या वर्षी."