काहून

धंतोलीतल्या माझ्या मागच्या दोन खोल्यांत
परदेशी पाहुणा उतरला
की चोवीस तासांत फॉर्म भरावा लागतो.
नाव, पासपोर्ट, कुठून आले, कुठे जाणार.
खाली एक चौकोन, भेटीचा उद्देश.
बोटभर जागा.
मी टाईप करते: वैद्यकीय.

दूधवाले चिंधूजी मात्र फाटकातच विचारतात,
काहून आले जी हे इतक्या दूर?
यांच्याकडं दवाखाना नाही काय?

होता. ओमदुर्मानला होता.
सित्तनाबाईंच्या घरापासून चालत दहा मिनिटं.
गाठीवर किरण सोडणारं मशीनही होतं.
मशीन चालवणारा आधी आयर्लंडला गेला,
मग वीज गेली,
मग रात्रीबेरात्री गोळ्यांचे आवाज यायला लागले
आणि मशीनवर कुणीतरी चादर ओढली,
मयतावर ओढतात तशी.
भाचा मुझम्मिल हे अरबीत सांगतो,
मोमिनपुऱ्याचे कवी सर हिंदीत आणतात,
मराठीत ते माझ्याजवळ राहतं.

खर्चाचं विचारू नये. पण दिसतं.
आल्या तेव्हा हातात चार बांगड्या,
इतवारीतून परतल्या तेव्हा दोन,
आता मनगटावर नुसता फिकट वळ,
त्यावरून त्या अंगठा फिरवत बसतात.

मागच्या साली मस्कतचा एक मास्तर होता.
पैसा होता, घराशेजारी दवाखाना होता.
"तिथला वॉर्डबॉयसुद्धा माझा विद्यार्थी," म्हणाला.
इथे तो लघवीची पिशवी हातात धरून
संध्याकाळी गच्चीवर शीळ घालत फिरायचा.

आणि आमची मृण्मयी,
लेस्टरला असते, तिथे उपचार फुकट.
गुडघ्याची तारीख मात्र अकरा महिन्यांनंतरची.
डिसेंबरात उतरली, बॅगा हॉलमध्ये टाकल्या
आणि दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत टेबलावर आडवी.
तिचा फॉर्म भरावा लागला नाही.
चिंधूजींनी तिला विचारलंही नाही, काहून आली.
अर्धा लिटर दूध जास्त ओतलं, बस्स.

काल रिपोर्ट आला.
डॉक्टर बोलले. कवी सरांनी चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
त्या एका वाक्याला अरबीत किती शब्द लागतात
मला माहीत नाही. त्यांना फार वेळ लागला.
सित्तनाबाईंनी मान हलवली
आणि हळूच काही म्हणाल्या.
मी सरांकडे पाहिलं.
"म्हणतात, तिकडे हे सांगायलाही कुणी उरलं नव्हतं."

आज त्यांनी माझा गॅस मागून घेतला.
गावाहून आणलेली वाळल्या भेंडीची पूड,
माझा कांदा, माझं पातेलं,
घरभर अनोळखी वास.
फॉर्म अजून उघडाच आहे:
इथून पुढे कुठे जाणार?
मुझम्मिल म्हणाला काहिरा, मग म्हणाला पोर्ट सुदान,
मग म्हणाला, आज राहू द्या.

त्यांनी चमचा माझ्या तोंडाशी धरला.
मीठ कमी होतं.
मी मान हलवली,
छान झालंय म्हणून.