विरळणी

गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत.
पहिल्या महिन्यात मी पेला मोजून भरायचे,
आता सरळ तांब्या उचलते.

सकाळी डोळे सुजलेले.
कौतिकबाई कुंपणावरून विचारते,
रात्रभर रडलीस काय गं?
रडायचं ते मी निदान झालं त्या पौषातच उरकलं,
पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या होत्या तेव्हा.
हे नुसतं पाणी. पापण्यांखाली मुक्कामाला येतं,
दुपारपर्यंत उठून जातं.
मग ती म्हणते, पण उजळलीस हं, काय लावतेस?
काय सांगू,
रोज एक, भरल्या पोटी.

रात्री पोटरीत गोळे येतात.
गोळीने गोळे,
ही भाषेची थट्टा मला अडीच वाजता सुचली,
उंबऱ्यावर टाच दाबून उभी असताना.
यांना उठवलं नाही.
एकटीने हसायला गेले तर दुसराही पाय धरला.

महिन्यातून एका मंगळवारी दिंडोरीहून साडेसातची एसटी.
नाशिकच्या त्या हिरव्या बाकावर
आम्ही सगळे एकाच पाकिटातले.
रफिक बागवानची भद्रकालीत फळांची गाडी,
त्याला आता पिकल्या पेरूच्या वासाने ढवळतं.
नाकाला रुमाल बांधून विकतो,
गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब आहे.
शेजवळकाका नोटांच्या प्रेसमधून रिटायर.
जन्मभर कोऱ्या नोटा मोजल्या, एक इकडची तिकडे नाही,
आता प्लेटलेट दुसऱ्याकडून मोजून घेतात
आणि लग्नातली अंगठी साबण लावून काढली, तिचं ऐकवतात.
ऋजुता कॉलेजात आहे, ती कोणाशी बोलत नाही.
एकदाच म्हणाली, काकू, तुमचे शब्द हरवतात का?
मला ‘चाळणी’ तीन दिवस सापडली नाही.

हे सगळं बाकावर.
दार उघडून आत गेलं की प्रत्येकाचं एकच,
ठीक आहे डॉक्टर.
कारण खरं सांगितलं आणि गोळी बंद केली तर?
ही भीती बाकावरही कोणी काढत नाही.

द्राक्षं मी दोन हंगाम तोंडात घातली नाहीत.
औषधाचा कागद भाच्याने वाचला होता,
ग्रेप म्हणजे द्राक्ष, मावशी, तुला वर्ज्य.
पॅकहाऊसमध्ये दिवसभर हातात घड,
वजन, पाउच, पेटी, वजन,
बोटांना साखर चिकटायची, ती मी नळाखाली धुवायचे.
परवा औषधं देणारा मुलगा म्हणाला,
अहो, ते वेगळं फळ, आपल्या पपनसासारखं!
द्राक्षांचा काय संबंध?
शेजवळकाका ठसका लागेपर्यंत हसले.
मीही हसले.
मग दोन हंगाम आठवले.

तेराव्या वर्षी माझ्या हातात विरळणीची कात्री आली.
मणी दाटले की घड गुदमरतो,
एकमेकांना दाबून आतून सडतात.
काढावेच लागतात.
पण कात्री कितीही सांभाळा,
टोक शेजारच्या मण्याला लागतं.
तेव्हा दिसत नाही. मणी फुगतो तसा डागही फुगतो.
मुकादम विचारायची, कोणाची ओळ ही?
आणि आम्ही सगळ्या गप्प.

या मंगळवारी आत गेले.
कशा आहात?
ठीक, इथपर्यंत आले, पुढे ‘आहे’ निघेना.
म्हटलं, डॉक्टर, औषध विरळणी करतंय,
आकडे खाली आलेत, मला कळतं.
बंद करू नका.
पण कात्री कुठे कुठे लागतेय
ते एकदा लिहून घ्या.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.
मी पोटरीपासून सुरुवात केली.
डोळ्यांवर आले, मळमळीवर आले,
दुपारी उभ्या उभ्या लागणाऱ्या झोपेवर आले,
मग थांबले.
अजून काही?
बाहेर शेजवळकाकांचा नंबर पुकारला होता,
अर्ध्या दारातून त्यांची चप्पल दिसत होती.
म्हटलं, अजून आहे.
काका, बसा जरा,
मला वेळ लागेल.