पाटीवरचं पीठ

रुवीतल्या गाळ्याचं भाडं तीनशे साठ रियाल झालं
त्या संध्याकाळी ह्यांनी चक्कीचा पट्टा उतरवला
आणि मांडीवर घेऊन बसले,
आजारी मांजर घ्यावं तसे.

मबेल्याला जाऊ, मी म्हटलं.
निम्मं भाडं, वरती दोन खोल्या,
खाली मोटर बंद झाली की वर कळेल जेवायला वाढायचं.
मीच म्हटलं होतं.
पुढे सगळीकडे ‘परुळेकरांनी ठरवलं’ असं झालं.

एकोणीस वर्षांचं पीठ निघता निघेना.
पंख्याच्या पात्यांवर, दत्ताच्या तसबिरीच्या काचेआड,
ऋजुताच्या जुन्या कंपासपेटीच्या बिजागरीत.
शम्सूने लादी तीनदा पुसली,
तरी चक्कीखालचा चौकोन वेगळाच दिसत राहिला,
कोरा, दुकानात ठेवल्यासारखा.
रुवीतली तेवढीच जागा
आम्ही वापरली नव्हती.

गिऱ्हाइकं हळहळली.
पुट्टूचे तांदूळ आणणारी सुसम्मा,
‘भाजणी जरा रवाळ ठेवा हं’ म्हणणाऱ्या आठल्येबाई,
उधारीची वही बंद होणार म्हणून खूश असलेला अन्वर.
चाळीस मिनिटं तर आहेत, सगळे म्हणाले,
शुक्रवारी येऊ.
शुक्रवार मात्र न चुकता आले.

पिकअपमध्ये वरचा दगड शम्सूच्या पायांशी,
खालचा गादीत गुंडाळलेला.
बुर्ज अल सहवाच्या चौकाला वळसा घेताना
लाटणं या टोकापासून त्या टोकाला गेलं,
परत आलं.
मागे वळून कुणी पाहिलं नाही.
मागे गादीच होती.

मबेल्यात रस्ते रुंद, माणसं भिंतींआड.
टँकर येतो. बकऱ्या येतात,
आमचे खोके खातात.
पत्ता बदलायला बलदियात नऊ खेपा झाल्या,
दहाव्या खेपेला साहेब रजेवर.

बोर्ड यासीन पेंटरने रंगवला.
अरबीत ‘प’ नसतो भाभी, म्हणाला,
‘ठ’ तर नाहीच नाही.
आम्ही बारुलीकर झालो.
आणि ‘पीठ’ लिहायला गेला ते झालं ‘बीत’,
ती अक्षरं इथला माणूस वाचतो
‘बैत’.
म्हणजे घर.

तीन आठवडे लोक पाटी वाचून
सलाम करून पुढे जात होते.
कुणाच्या घरात उगाच कोण शिरेल?

चौथ्या आठवड्यात उम्म हिलाल आली.
काखेत उशीच्या अभ्र्यात जव, बोटाला नातू.
उंबऱ्याशी चपला काढल्या,
हाक मारली, थांबली.
हे दगडाला टाकी लावत बसलेले,
तसेच धावले, ‘तहीन, तहीन’ करत,
भुकटीने पांढऱ्या पापण्या घेऊन.
तिने वर पाटीकडे बोट केलं
आणि काहीतरी बोलली.
नातवाने हिंदीत सांगितलं,
दादी पूछती है, घर है तो चाय किधर?

पिठाच्या डब्यावर बसून ती दोन कप प्यायली.
दळणाचे पैसे मोजून दिले,
चहाचे म्हणून सहा खजूर.

यासीनला बोलावून बोर्ड दुरुस्त करू, हे म्हणाले.
पाच रियाल मागतोय, मी म्हटलं.
विषय तिथेच राहिला.
बोर्डही.

रात्री वर तांदळाची भाकरी केली.
पहिल्याच घासाला दाताखाली कचकन आलं.
शम्सू म्हणाला, वाळू.
हे म्हणाले, वाळू कसली,
नवी टाकी आहे, दोन दळणं कच येणारच.
ऋजुता पाणी प्यायली
आणि दुसरी भाकरी मागितली.